मागाच्या खटखटीत डॉन क्विक्झोट

(आकाशवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीच्या माणसाला रात्री जाग कशानं येते, ठाऊक आहे? आवाजानं नाही, आवाज बंद झाल्यानं. माझं सगळं लहानपण यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या चाळीत गेलं. वडील त्याच कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. आमची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच. तिला कान लावायची गरज नव्हती, ती स्वतःच थरथरायची. फळीवरचे पेले रात्रभर एकमेकांना लागून किणकिणायचे. अशा घरात आम्ही गाढ झोपत असू. मध्यरात्री वीज गेली, माग एकदम थांबले, की सगळी चाळ खडबडून उठून बसायची. लहान मुलं रडायला लागायची. पाहुणा आला असेल तर त्याला मात्र तेव्हाच पहिल्यांदा झोप लागायची!

ही आठवण सांगायचं कारण असं, की आज मला ज्या लेखकाविषयी बोलायचं आहे, त्याच्या पुस्तकात मला पहिल्यांदा हाच आवाज ऐकू आला. लेखक स्पेनचा, चारशे वर्षांपूर्वीचा, मिगेल द सर्व्हान्टेस. पुस्तक 'डॉन क्विक्झोट'. स्पॅनिश उच्चार 'किखोते'च्या जवळचा आहे म्हणतात, पण आपल्याकडे क्विक्झोट रूढ आहे, तेव्हा तेच चालवू या.

तुमच्यापैकी पुष्कळांना त्यातली पवनचक्क्यांची गोष्ट माहीत असेल. शौर्याच्या पोथ्या वाचून वाचून डोकं फिरलेला एक उतारवयाचा गृहस्थ स्वतःला सरदार समजून, हाडं निघालेल्या घोड्यावर बसून बाहेर पडतो. पवनचक्क्या त्याला राक्षस वाटतात. भाला रोखून तो धावतो आणि आपटतो. शाळेच्या पुस्तकात, व्यंगचित्रात, अग्रलेखात सगळीकडे हीच गोष्ट येते. पण ती हजारेक पानांच्या पुस्तकातल्या पहिल्या साठ-सत्तर पानांतली आहे. पुढं फारसं कुणी जात नाही, असा माझा एक दुष्ट संशय आहे.

मी पुढं गेलो, त्याचं श्रेय माझ्या चिकाटीला नाही. मला पुस्तक मिळालं तेच मुळी पहिली तीस-चाळीस पानं गळालेलं. १९९१ साल असेल. कॉलेजात होतो. भिवंडीत रद्दीची दुकानं भरपूर, कारण कापडाच्या ताग्यांना, कांड्यांना, गठ्ठ्यांना कागद लागतोच. तिथं किलोवर घेतलेल्या ढिगात हे इंग्रजी पुस्तक सापडलं. कोहेन यांनी केलेला, पेंग्विननं १९५० साली काढलेला अनुवाद. त्यामुळं हा माणूस वेडा कसा झाला हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. माझ्यासाठी तो पहिल्यापासून वेडाच होता, आणि त्यानं माझं काही अडलं नाही.

तर, त्या आवाजाची गोष्ट. पहिल्या भागातलं विसावं प्रकरण. रात्रीची वेळ, मिट्ट काळोख, रान. डॉन क्विक्झोट आणि त्याचा गाढवावरचा चाकर सांचो पांझा पाण्याच्या शोधात निघालेत. पाण्याचा आवाज येतो, आणि त्याच्याबरोबर दुसरा एक आवाज. धाड धाड धाड, तालात, लोखंडाच्या आणि साखळ्यांच्या खणखणाटासह. सांचोची बोबडी वळते. मालक म्हणतात, हे माझ्याच पराक्रमासाठी वाढून ठेवलेलं संकट आहे, तू इथं थांब. सांचो गुपचूप घोड्याचे मागचे पाय बांधून टाकतो. घोडा पुढं जाईना. मालकांना वाटतं, दैवाची इच्छा! मग वेळ काढायला सांचो एक गोष्ट सांगतो. एका धनगराला तीनशे शेळ्या नदीपार न्यायच्यात, नाव एवढीशी, एका वेळी एकच शेळी. एक शेळी नेली, परत आला, दुसरी नेली, परत आला... आणि मालकांनी मोजत राहायचं. आकडा चुकला की गोष्ट संपली. हे वाचताना मी थबकलो. आमच्या आजीची कोठारातल्या दाण्यांची गोष्ट हीच होती! चिमणी आली, एक दाणा घेऊन भुर्र उडून गेली. मग दुसरी चिमणी आली... आपण 'पुढं काय झालं' विचारायचं आणि आजीनं 'अजून कोठार भरलेलंच आहे' म्हणायचं. ही गोष्ट कुणाकडून कुणाकडं गेली ते विद्वानांनी शोधावं. मला एवढंच कळलं, की या पुस्तकात माझी आजी बसलेली आहे.

पहाट होते. दोघं दबकत पुढं जातात. तर काय? ओढ्याकाठी कापड कुटायची गिरणी. पाण्याच्या जोरावर वरखाली होणारे सहा जडशीळ लाकडी हातोडे. लोकरीचं विणलेलं कापड ओलं करून असं कुटलं, की ते आटतं आणि घट्ट होतं. आपल्याकडं कापडाला कुंदी करतात, त्याचाच हा मोठा भाऊ. सांचो पोट धरधरून हसतो. मालक आधी ओशाळतात, मग भाल्यानं त्याला दोन तडाखे देतात आणि म्हणतात, मी सरदार आहे, कापडाच्या गिरणीचा आवाज ओळखणं माझं काम आहे काय? मी अशा गिरण्या जन्मात पाहिल्या नाहीत. तू गावंढळ, तू त्यांच्यातच वाढलास.

मी त्यांच्यातच वाढलो होतो. पवनचक्कीच्या प्रसंगात वेडा माणूस चुकतो आणि आपण शहाणे हसतो. इथं तसं नाही. अंधारात आवाज दोघांनाही भयंकरच वाटतो. तो दुसऱ्या कुणाच्या रोजच्या कामाचा आवाज आहे, हे उजाडल्यावर कळतं.

सर्व्हान्टेसला कापडाचं एवढं कुठून माहीत, असं मला पुन्हापुन्हा वाटत आलंय. सांचोला एका खानावळीत घोंगडीत घालून उडवतात, तर उडवणारे कोण? सेगोव्हियाचे लोकर पिंजणारे, कोर्डोव्हाचे सुया बनवणारे. आणि पुस्तकाचं हस्तलिखित सापडतं कुठं? आठव्या प्रकरणाच्या शेवटी दोन वीर तलवारी उगारून उभे आहेत आणि लेखक सांगतो, पुढचे कागद नाहीत! मग नवव्यात तो म्हणतो, टोलेडोच्या बाजारात एक पोरगा जुन्या वह्या एका रेशीमवाल्याला विकत होता. मला रस्त्यावरचा चिटोरासुद्धा वाचायची खोड, म्हणून बघितलं, तर अरबी अक्षरं. एका मुसलमान वंशाच्या माणसाला वाचायला दिलं, तो हसायला लागला. ही तर डॉन क्विक्झोटची बखर, लिहिणारा सिदे हमेते बेनेंगेली नावाचा अरब इतिहासकार! मग अर्ध्या रियालला सगळी रद्दी घेतली, त्या माणसाला घरी ठेवून घेतलं, आणि त्यानं मनुके आणि गव्हाच्या मोबदल्यात दीड महिन्यात भाषांतर करून दिलं. अर्थात हे सगळं रचलेलं आहे. पण कापडवाल्याच्या दुकानी रद्दीत सापडलेलं पुस्तक, हे रद्दीत सापडलेल्या पुस्तकात वाचणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आता या माणसाच्या आयुष्याविषयी थोडं. १५४७ साली माद्रिदजवळ अल्काला द एनारेस इथं जन्म. वडील जखमा बांधणारे, रक्त काढणारे हलक्या दर्जाचे वैद्य. कानांनी अधू, कर्जात बुडालेले. घर सारखं बदलायचं. तरुणपणी मिगेल इटलीला गेला आणि सैन्यात भरती झाला. ७ ऑक्टोबर १५७१ला लेपान्टोची मोठी आरमारी लढाई झाली, तुर्कांविरुद्ध. त्या दिवशी तो तापानं फणफणला होता. खाली पडून राहा म्हणाले, ऐकलं नाही. छातीत दोन गोळ्या लागल्या, डावा हात कायमचा निकामी झाला. या हाताचा त्याला जन्मभर अभिमान. पुढं एकानं त्यावरून टोमणा मारला, तेव्हा त्यानं उत्तर दिलं त्याचा भाव असा, की तो दारूच्या गुत्त्यात गमावलेला नाही.

परतताना, १५७५ साली, चाच्यांनी जहाज पकडलं आणि भावासकट त्याला अल्जिअर्सला नेलं. खिशात मोठ्या सेनापतीची शिफारसपत्रं होती. नोकरीसाठी जपून आणलेली. ती बघून पकडणाऱ्यांना वाटलं, हे कुणी बडं धेंड आहे. खंडणी वाढली! शिफारसपत्रानं एवढं नुकसान झालेला दुसरा माणूस मला माहीत नाही. पाच वर्षं कैदेत. चार वेळा पळायचा प्रयत्न केला, चारही फसले, आणि दर वेळी सगळा दोष त्यानं स्वतःवर घेतला. इकडं आईनं मदत मिळावी म्हणून सरकारदरबारी आपण विधवा असल्याचं सांगितलं. नवरा घरात जिवंत होता. अखेर १९ सप्टेंबर १५८० रोजी धर्मसंघाच्या साधूंनी पाचशे सोन्याची नाणी मोजून त्याला सोडवलं. त्याला कॉन्स्टँटिनोपलला नेणारं गलबत सुटायच्या बेतात होतं.

इथं एक गंमत. त्याच १५८० साली पोर्तुगालचं राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडं आलं, आणि ते १६४० पर्यंत स्पेनच्याच राजांकडं राहिलं. म्हणजे गोवा, ठाणे, वसई सगळं त्याच राजाचं. आमची भिवंडी-कल्याणची बाजू तेव्हा निजामशाहीत होती. शिवाजी महाराजांनी ती १६५७ साली घेतली, पण तेव्हा ती आदिलशाहीत गेलेली होती. तरी आमची खाडी खाली जाऊन मिळते ती वसईच्याच पाण्याला. तिच्या तोंडाशी वसईच्या किल्ल्यात बसलेला शिपाई आणि सर्व्हान्टेस एकाच धन्याचे चाकर होते. वसईत ते राज्य पुढं १७३९ पर्यंत, चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांच्या हाती राहिलं. आणखी एक. ज्या १६१६ साली सर्व्हान्टेस वारला, त्याच साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओवीत. एकाच राजाच्या छत्राखाली तिकडं ते आणि इकडं हे. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

सुटून आल्यावर शूर शिपायाला स्पेननं काय दिलं? आरमारासाठी धान्य आणि तेल गोळा करायची कारकुनी. गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. एसिखा गावी चर्चचं धान्य जप्त केलं म्हणून त्याला धर्मबहिष्कृत केलं. १५९० साली त्यानं अर्ज केला, की अमेरिकेतल्या वसाहतींत चार जागा रिकाम्या आहेत, एक मला द्या. शेरा पडला, इकडंच काहीतरी बघ. सरकारी शेऱ्यांची भाषा चारशे वर्षांत बदलली नाही, हे जाता जाता सांगतो. मग करवसुली. वसूल केलेले पैसे ज्या सराफाकडं ठेवले तो बुडाला, आणि १५९७ साली सर्व्हान्टेस सेव्हिलच्या तुरुंगात. हे पुस्तक तुरुंगात जन्मलं, असं तो प्रस्तावनेत सुचवतो. १६०५ साली पहिला भाग निघाला तेव्हा त्याचं वय अठ्ठावन्नाला टेकलेलं. पुस्तक तुफान खपलं. पैसा मात्र त्याच्याकडं फारसा आला नाही.

पण त्याला खरं व्हायचं होतं नाटककार. हे पुष्कळांना माहीत नसतं. त्या वेळी स्पेनमध्ये नाटकं वाड्यांच्या मधल्या चौकात व्हायची, उघड्यावर, दिवसाढवळ्या. पुढं उभा राहणारा पिटातला प्रेक्षक आपल्या तमाशाच्या तंबूतल्यासारखाच, नाटक पडलं तर ते पाडणारा तोच. सर्व्हान्टेस सांगतो, माझी वीस-तीस नाटकं झाली आणि कुणी काकड्या फेकल्या नाहीत. त्यातली खात्रीनं त्याचीच म्हणता येतील अशी दोन उरलीत. एक अल्जिअर्सच्या कैदेवरचं. दुसरं 'नुमान्सिया'. रोमन फौजेनं वेढलेलं गाव शरण जात नाही, सगळे मरण पत्करतात, आणि शेवटचा मुलगा किल्ल्या घेऊन बुरुजावरून उडी टाकतो. आपल्याला जोहाराच्या कथा आठवतील. १९३७ साली माद्रिदला फ्रँकोच्या फौजांचा वेढा पडलेला असताना कवी राफाएल आल्बेर्ती यानं हे नाटक नव्यानं बांधून त्याच शहरात केलं. साडेतीनशे वर्षं जुन्या नाटकाला त्याहून योग्य प्रेक्षक मिळाला नसता.

मग आला लोपे द वेगा. शेकड्यांनी नाटकं लिहिणारा. रंगभूमी त्यानं एकट्यानं व्यापली. सर्व्हान्टेसच्या बाडाला कुणी कंपनीवाला हात लावेना. एका पुस्तकवाल्यानं त्याला तोंडावर सांगितलं, की गद्यात तुमच्याकडून आशा आहे, पद्यात काही नाही. शेवटी १६१५ साली त्यानं आठ नाटकं आणि आठ प्रहसनं सरळ छापूनच टाकली, कधीही प्रयोग न झालेली. काळाचा विनोद बघा. आज माद्रिदमध्ये लोपेचं घर आहे तो रस्ता सर्व्हान्टेसच्या नावाचा आहे, आणि सर्व्हान्टेसला पुरलं तो मठ लोपे द वेगाच्या नावाच्या रस्त्यावर!

ती आठ प्रहसनं म्हणजे दोन अंकांच्या मध्ये करायचे छोटे फार्स. आपल्याकडंही जुन्या नाटक कंपन्या आख्यानानंतर फार्स करत, तशातलाच प्रकार. आठ नाटकं मला फारशी आवडली नाहीत, खरं सांगतो. फार्स मात्र अस्सल आहेत. त्यातल्या एकाचं नाव मराठीत मी 'नवलाईचा पडदा' असं केलं. दोन ठग एका गावात येतात. म्हणतात, आमच्याकडं जादूचा खेळ आहे, पण ज्याचा जन्म शुद्ध नाही किंवा ज्याच्या रक्तात परधर्माचा अंश आहे, त्याला तो दिसणार नाही. मग मोकळा पडदा लावतात आणि नुसतं वर्णन करतात. हा बैल आला, हे उंदीर आले, हा पाऊस पडला. आणि गावचे पाटील-पंच, त्यांच्या बायका-मुली, सगळे किंचाळतात, नाचतात, भिजतात. दिसत कुणालाच काही नाही. प्रत्येकाच्या पोटात धाकधूक, की मलाच कसं दिसेना? तेवढ्यात लष्कराचा एक खराखुरा अधिकारी येतो आणि म्हणतो, इथं काहीच नाही. झालं! सगळे त्याच्यावर ओरडतात, हा त्यांच्यातला! हा त्यांच्यातला!

मी तोवर शाळेत शिक्षक झालो होतो. २००३ साली स्नेहसंमेलनात मुलांकडून हा फार्स बसवून घेतला. वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं, भिवंडीच ती. पाटील झालेला मुलगा एका मागवाल्याचा, ठग झालेली मुलगी एका वकिलाची. दोघांनी धमाल केली. उंदरांच्या प्रवेशाला मुलं खुर्च्यांवर चढून किंचाळली, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी खरोखरच पाय वर घेऊन लुगडं सावरलं. ती दाद मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मला बोलावणं आलं. कुणी बोलावलं ते सांगत नाही. विचारलं, हे नाटक नेमकं कोणत्या समाजाविरुद्ध आहे? मी म्हणालो, चारशे वर्षांपूर्वीचं आहे, स्पेनचं आहे. ते म्हणाले, ते असू द्या, पण आमच्या विरुद्ध आहे का त्यांच्या? माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही समूहगीत केलं.

मधल्या काळात आणखी एक घडलं होतं. १६१४ साली आवेल्यानेदा असं टोपणनाव घेऊन कुणीतरी 'डॉन क्विक्झोट'चा खोटाच दुसरा भाग छापला. सर्व्हान्टेसचा संताप झाला, आणि त्या संतापानं त्याचा खरा दुसरा भाग पुरा झाला, १६१५ मध्ये. त्यातली पात्रं आता पहिला भाग वाचलेल्या लोकांना भेटतात. खोट्या भागाची प्रत हातात घेऊन तिची टिंगल करतात. पुढच्या वर्षी १९ एप्रिलला, आदल्या दिवशी अखेरचे धर्मसंस्कार झालेले असताना, त्यानं शेवटच्या कादंबरीची अर्पणपत्रिका लिहिली, आणि २२ एप्रिल १६१६ रोजी तो गेला. ती कादंबरी पुढच्या वर्षी निघाली. हाडांचा ठावठिकाणा हरवला होता. २०१५ साली मठाच्या तळघरात इतरांच्या हाडांत मिसळलेली त्याची हाडं बहुधा सापडली, असं संशोधकांनी जाहीर केलं. 'बहुधा' हा शब्द त्याला आवडला असता.

आपल्याकडंही हे पुस्तक वेगळ्याच वाटेनं आलेलं आहे. बोस्टनचे केलर नावाचे ग्रंथसंग्राहक जगातल्या भाषांतले क्विक्झोट जमवत. त्यांनी ऑरेल स्टाइन यांच्यामार्फत काश्मीरच्या नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर जाडू या पंडितांकडून १९३५च्या सुमारास आठ प्रकरणांचं संस्कृत भाषांतर करवून घेतलं. पंडितांनी ते इंग्रजीवरून केलं. ते बाड अमेरिकेत पडून होतं. २०१९ साली ते पुस्तकरूपानं बाहेर आलं, ते आपल्या पुणे विद्यापीठाच्या पाली विभागातून. पुन्हा बाड, पुन्हा भाषांतरकार. बेनेंगेलीची गोष्ट अशी खरी होत असते.

शेवटी दुसऱ्या भागातलं चोपन्नावं प्रकरण. याच्यासाठी खरं तर मी बोलायला बसलो. १६०९ ते १६१४ या काळात स्पेननं आपल्याच देशातले सुमारे तीन लाख लोक हाकलून दिले. पूर्वजांचा इस्लाम सोडून पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती झालेले, मोरिस्को म्हणत त्यांना. शेतकरी, माळी, विणकर, दुकानदार. हे ताजं असताना सर्व्हान्टेसनं काय लिहिलं बघा. सांचो रस्त्यानं चाललाय. भीक मागणारे परदेशी यात्रेकरू भेटतात. त्यातला एक त्याला मिठी मारतो. अरे सांचो, शेजाऱ्याला ओळखलं नाहीस? मी रिकोते, तुमच्या गावचा दुकानदार! सांचो बघतच राहतो. या वेषात तुला कोण ओळखणार? सगळे झाडाखाली बसतात, खातात, वाइन पितात. रिकोते सांगतो, परदेशात हिंडलो, जर्मनीत घर बघितलं, पण डोळ्यांसमोर हाच देश येतो. गावाबाहेर पुरून ठेवलेलं धन काढायला आलोय. मदत कर, दोनशे मोहरा देतो. सांचो म्हणतो, मदत करणार नाही, राजाज्ञा मोडल्यासारखं होईल. पण तुझ्याविषयी कुणाला सांगणारही नाही. मग तो सांगतो, तुझी बायको-मुलगी गेली तेव्हा सगळं गाव रडलं. त्यांना लपवावं असंही पुष्कळांना वाटत होतं.

मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल झाली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. १९७० सालची मी फक्त ऐकली होती. त्या आठवड्याचं वर्णन मी करणार नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना ते नको आहे. आमच्या भिंतीपलीकडं चाचा राहायचे. चार मागांचे मालक, वडिलांचे दोस्त. ते बायकामुलांना घेऊन रातोरात मालेगावला नातेवाइकांकडं गेले. त्याच वर्षी, गणपतीच्या आधी, अण्णा मला म्हणाले, चल, कल्याणला जायचंय. हातात पिशवी. बसमध्ये म्हणाले, कुणी विचारलं तर मामाकडं गेलो होतो म्हण. स्टेशनसमोरच्या हॉटेलात एक बिनदाढीचा माणूस बसला होता. त्यानं माझ्या गालाला हात लावला आणि मी दचकून मागं सरलो. मग तो हसला, तेव्हा ओळखलं. चाचांची हनुवटी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. अण्णांनी पिशवीतून चाचीचा दागिन्यांचा डबा आणि हिशेबाच्या वह्या काढल्या. मागं जुन्या बीमखाली ठेवल्या होत्या म्हणाले. चाचांनी काही नोटा पुढं केल्या, अण्णांनी त्यांचीच मूठ मिटली. मग आम्ही तिघांनी भजी खाल्ली. दोघंही मागांविषयीच बोलत होते. कुठला धोटा उडतो, कुठली तार सारखी तुटते.

१९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या सुरू केल्या. अण्णा आमच्या भागातल्या समितीत जात असत. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. चाचा मात्र मालेगावहून परतले नाहीत. तिथंच माग टाकले.

अण्णा शेवटी अंथरुणाला खिळले होते. कारखाना लांब गेला होता, रात्री शांतता असायची, त्यांना झोप येत नसे. मी त्यांना हे प्रकरण मराठीत करून सांगितलं. एकेक वाक्य, जमेल तसं. ते डोळे मिटून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मग त्याचं पुरलेलं मिळालं का त्याला?"

"मिळालं," मी म्हणालो. "पुढं मुलगीपण भेटते बार्सिलोनाला."

"आणि राहू दिलं का त्यांना देशात?"

मी पानं चाळली. पुढं कुणीतरी भला माणूस दरबारात रदबदली करायचं म्हणतो. रिकोते म्हणतो, काही उपयोग नाही. नंतर गोष्ट दुसरीकडं वळते.

"ते दिलेलं नाही, अण्णा."

"असं कसं दिलेलं नाही," ते म्हणाले. "नीट बघ. पानं गळालेलं पुस्तक आणतोस तू."

शेवटची पानं सगळी होती. तरी मी पुन्हा एकदा बघितली.